हौशी गोल्फपटूने क्लबचे फिटिंग करून घ्यावे का, आणि घ्यायचे तर नेमके कशाचे?

हँडिकॅप२२

नमस्कार मंडळी. पुण्यात खेळतो, हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा, कमी तितका चांगला) नावातच आहे. माझ्याकडचा आयर्नचा (धातूच्या चपट्या डोक्याच्या क्लबांचा) संच परदेशी निघालेल्या एका सभासदाकडून घेतलेला आहे. ते गृहस्थ चांगले सहा फुटी, मी साडेपाच फुटांच्या आतबाहेर. आठ, नऊ नंबरचे छोटे आयर्न आणि पिचिंग वेज (जवळच्या फटक्यांचा क्लब) यांनी मारलेला चेंडू बऱ्यापैकी बसला तरी भोकाभोवतीच्या हिरवळीच्या डाव्या बाजूला जातो. लांब आयर्न मात्र कुठेही जातात, त्यांच्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. रेंजवरचे (सरावाच्या जागेवरचे) प्रो, म्हणजे प्रशिक्षक, म्हणतात की स्विंग सुधारेल तसे हेही सुधारेल. एका फिटिंग स्टुडिओत चौकशी केली, तर तिथे पूर्ण संच नवा घेण्याचाच विषय निघाला आणि सांगितलेला आकडा ऐकून मी घरी परतलो.

प्रश्न असा की ज्याचा स्विंग दर रविवारी वेगळा असतो, त्याच्या स्विंगचे मोजमाप करून क्लब बनवण्यात काही हशील आहे का? असल्यास लांबी, लाय (दांड्याचा जमिनीशी होणारा कोन), शाफ्ट (दांडा), ग्रिप (मूठ) यांपैकी आधी कशाकडे पाहावे? ज्यांनी स्वतः फिटिंग करून घेतले आहे किंवा जे हे काम करतात त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

चेंबूरकर

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. हँडिकॅप पंधराच्या खाली येईपर्यंत फिटिंगचा विचार करू नये. वाढत्या वयाच्या मुलाला लग्नाची शेरवानी शिवून ठेवण्यातला हा प्रकार आहे. तेवढ्या पैशांत एखाद्या चांगल्या प्रोकडे पूर्ण हंगामाचे धडे होतात.

दुसरे असे की स्टुडिओतल्या पडद्यावर दिसणाऱ्या अंतराला भुलू नये. आमच्या वेळच्या संचात सात नंबरचा आयर्न ३५-३६ अंशांच्या लॉफ्टचा (चेंडूला लागणारी बाजू, म्हणजे फेस, मागे झुकलेली असते तो कोन) असे. आज नवशिक्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक संचांत तोच आकडा कोरलेला क्लब २८ ते ३० अंशांचा असतो, म्हणजे जुन्या हिशेबाने तो पाच नंबरच्या जवळपास गेला. तुमच्या जुन्या सातशी या नव्या सातची तुलना केली की पंधरा-वीस यार्ड वाढलेले दिसणारच; त्यात फिटरचे कौशल्यही नाही आणि तुमचेही नाही. शिवाय लॉफ्ट असा कमी करत नेला की पिचिंग वेज ४३-४४ अंशांवर येऊन बसते, तिच्या आणि ५६ अंशांच्या सँड वेजच्या मध्ये मोठी दरी पडते, आणि ती भरायला आणखी एक वेज विकत घ्यावी लागते. नियमाने पिशवीत चौदाच क्लब ठेवता येतात, हे विक्रेते सोयीस्करपणे विसरतात.

लोहारकाम

चेंबूरकरांचा लॉफ्टविषयीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पहिला मुद्दा मात्र अर्धाच पटला. मी पुण्यात क्लबची दुरुस्ती करतो, ग्रिपा बदलणे, शाफ्ट कापणे, लाय वाकवणे हा माझा रोजचा उद्योग आहे, त्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती समजून वाचावे.

धड्यांनी स्विंगचा वेग, मार्ग आणि लय बदलते. उंची, हातांची लांबी आणि पंजाचा आकार बदलत नाही. म्हणून फिटिंगचे दोन भाग मानावेत. ज्या गोष्टी शरीराच्या मापावर ठरतात, म्हणजे क्लबची लांबी, लायचा कोन आणि ग्रिपची जाडी, त्या बावीस हँडिकॅपवाल्याने आजच तपासून घ्याव्यात. ज्या गोष्टी स्विंगवर ठरतात, म्हणजे शाफ्टचा फ्लेक्स (लवचिकता) आणि वजन किंवा ड्रायव्हरचे (सर्वांत लांब क्लबचे) हेड, त्यांच्यासाठी थांबले तरी चालते. खरे तर नवशिक्यालाच पहिल्या भागाची गरज अधिक आहे. टोकियो ऑलिंपिक खेळलेल्या पुण्याच्या उदयन मानेंच्या तोडीच्या खेळाडूला चुकीच्या लायचा क्लब दिला, तर ते चार फटक्यांत हात जुळवून घेतील. आपण मात्र त्या क्लबला जुळवून घेता घेता एक नवीन खोड अंगी लावून घेतो आणि मग ती काढण्यासाठी प्रोला पैसे देतो.

आता मूळ प्रश्नकर्त्यांच्या डावीकडे जाणाऱ्या चेंडूकडे येतो, कारण त्यांनी दिलेले वर्णन फार बोलके आहे. क्लब जमिनीवर टेकवल्यावर शाफ्ट आणि जमीन यांच्यात जो कोन होतो तो लाय. उंच माणसाचा लांब क्लब बुटक्या माणसाने हातात घेतला की हात खाली येतात, शाफ्ट आडवा होतो आणि हेडची टो, म्हणजे पुढची बाजू, वर उचलली जाते. फेसला लॉफ्ट असल्यामुळे टो वर गेली की फेसचा रोख आपोआप डावीकडे वळतो (उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी, डावखुऱ्यांनी उलट वाचावे). लॉफ्ट जितका जास्त तितका हा परिणाम मोठा, म्हणूनच तो ड्रायव्हरमध्ये जवळजवळ जाणवत नाही आणि पिचिंग वेजमध्ये ठळकपणे दिसतो. तुमचे छोटे आयर्न नीट बसूनही डावीकडे जातात, यावरून लाय उभा पडतो आहे असा दाट संशय येतो. डिव्हट (फटक्याने जमिनीत पडलेला खड्डा) पाहा, हीलच्या (हेडच्या शाफ्टकडच्या) बाजूला खोल आणि टोच्या बाजूला उथळ पडत असेल तर संशय आणखी बळकट होईल.

याची खात्री करायला स्टुडिओत जाण्याची गरज नाही. व्हाइटबोर्डवर लिहायच्या मार्करने चेंडूवर एक जाड सरळ रेषा काढावी, ती रेषा उभी राहील आणि क्लबच्या फेसकडे येईल अशा रीतीने चेंडू ठेवावा आणि नेहमीसारखा फटका मारावा. रेषेचा ठसा फेसवर उमटतो. तो फेसवरच्या खाचांना काटकोनात असेल तर लाय योग्य. ठशाचा वरचा शेंडा टोकडे झुकला असेल तर लाय तुमच्यासाठी जास्त उभा आहे, हीलकडे झुकला असेल तर जास्त सपाट. एका फटक्यावरून निष्कर्ष काढू नये. प्रत्येक वेळी फेस पुसून पाच-सहा चांगले बसलेले फटके पाहावेत आणि रेंजवरचे अगदी झिजलेले चेंडू वापरू नयेत, त्यांच्यावर शाई धरत नाही.

नुसत्या उंचीवरून माप का घेऊ नये, हेही सांगतो. दोन साडेपाच फुटी माणसांचे हात वेगवेगळ्या लांबीचे असतात, त्यामुळे बूट घालून सरळ उभे राहून मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजतात आणि उंचीसोबत ते तक्त्यावर पाहतात. पिंग कंपनीचे संस्थापक कार्स्टन सोल्हाइम हे मूळचे अभियंते. त्यांनी १९७२ साली आणलेला रंगीत ठिपक्यांचा तक्ता याच दोन मापांवर उभा आहे आणि आजही वापरात आहे. काळा ठिपका म्हणजे मानक लाय, निळा-हिरवा उभ्याकडे, लाल-नारिंगी सपाटीकडे. मात्र तक्ता ही सुरुवात आहे. प्रत्यक्ष फटक्याच्या क्षणी हेडच्या वजनामुळे शाफ्ट खालच्या बाजूला किंचित वाकतो आणि टो खाली येते. हे किती होईल ते प्रत्येकाच्या स्विंगवर ठरते, म्हणून शेवटचा शब्द मार्करच्या ठशाचा.

खारघरची

लोहारकाम यांचा प्रतिसाद जपून ठेवला आहे. स्त्रियांच्या बाजूने थोडी भर घालते, कारण या विषयावर कुठेही लिहिलेले वाचले की ते पुरुषांच्या क्लबांबद्दलच असते.

दुकानात स्त्रीने पाऊल टाकले की तिच्यासमोर 'लेडीज सेट' येतो. त्याची लांबी पुरुषांच्या संचापेक्षा साधारण इंचभर कमी, शाफ्ट सर्वांत मऊ, वजन सर्वांत हलके आणि ग्रिप सर्वांत बारीक असते. माझी उंची पाच फूट आठ इंच, शाळा-कॉलेजात मी व्हॉलीबॉल खेळलेली. एका दुकानात (नाव लिहीत नाही) मला तोच गुलाबी संच दाखवला आणि माप घ्यायची विनंती केल्यावर सांगितले की बायकांना मापाची गरज पडत नाही. पुढे एका स्वतंत्र फिटरने लाँच मॉनिटरवर (चेंडूचा वेग-कोन मोजणाऱ्या यंत्रावर) पाहिले तेव्हा माझा स्विंग पुरुषांच्या 'सीनिअर' फ्लेक्सच्या शाफ्टला अगदी साजेसा निघाला. तेव्हापासून मी शाफ्टवरचे अक्षर वाचणे सोडले आहे. एल, ए, आर, एस, एक्स या मऊपासून ताठपर्यंतच्या अक्षरांना सर्व कंपन्यांना बांधील असा कोणताही मानक नाही. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एसइतका ताठ असू शकतो. वजन ग्रॅममध्ये लिहिलेले असते, ते अधिक विश्वासार्ह.

यंत्राच्या पडद्यावर वीस आकडे येतात, त्यांपैकी मी चार पाहते: चेंडूचा वेग, उड्डाणाचा कोन, स्पिन (चेंडूची गिरकी) आणि कॅरी, म्हणजे चेंडू हवेत कापतो ते अंतर. चेंडूचा वेग भागिले क्लबचा वेग हे गुणोत्तर ड्रायव्हरला फार तर १.५ च्या आसपास जाते. ते १.३५ वर अडकले असेल तर चेंडू फेसच्या मध्यावर बसत नाही, आणि महागड्या हेडने त्यात फारसा फरक पडत नाही. माझ्यासारख्या मध्यम वेगाच्या खेळाडूंना साडेदहा अंशांच्या ड्रायव्हरने चेंडू पुरेसा उंच उचलता येत नाही. बारा अंशांचा घेतल्यावर माझा कॅरी वाढला. चार आणि पाच नंबरचे आयर्न काढून हायब्रिड (आयर्न आणि वुड यांच्या मधला प्रकार) आणि सात नंबरचा वुड (फुगीर डोक्याचा क्लब) घेतला, हा सगळ्या फिटिंगमधला सर्वांत उपयोगी बदल ठरला. आयर्नचा चेंडू हिरवळीवर थांबायचा असेल तर तो ४५ अंशांच्या जवळपास तिरका खाली यावा लागतो; लांब आयर्नने माझा चेंडू सपाट येऊन मागच्या झुडपात जात असे.

एक गोष्ट आग्रहाने सांगते. फिटर वाईट फटके पडद्यावरून पुसून टाकतात आणि उरलेल्यांची सरासरी दाखवतात. अगदी फसलेला एखादा काढला तर समजू शकते, पण बाकीचे ठेवायला सांगावे. दोन क्लबांपैकी कोणता लांब गेला यापेक्षा कोणत्या क्लबचे चेंडू पडल्याचे ठिपके पडद्यावर कमी जागेत पसरले आहेत ते पाहावे. मैदानावर आपण सरासरी फटका मारतो, सर्वोत्तम नव्हे.

चेंबूरकर

खारघरची, ठिपक्यांच्या पसाऱ्याचा मुद्दा उत्तम मांडलात. लोहारकाम यांनी शरीर आणि स्विंग अशी जी फोड केली तीही मला मान्य आहे. माझा आक्षेप स्टुडिओतल्या विक्रीला होता आणि तो कायम आहे.

आता एक शंका. बंद खोलीत प्लास्टिकच्या मॅटवरून वेज कशी काय फिट करतात? मॅटवर क्लब चेंडूच्या इंचभर आधी टेकला तरी घसरून चेंडूपर्यंत पोहोचतो आणि फटका झकास दिसतो. खऱ्या गवतावर तोच फटका मातीत रुततो. आपल्याकडे तर एकाच मैदानावर दोन मैदाने असतात. मे महिन्यात फेअरवे (आखूड कापलेल्या गवताचा मुख्य पट्टा) इतका टणक होतो की क्लब आपटून उसळतो, आणि जुलैत त्याच जागी पाय टाकला की पाणी वर येते.

लोहारकाम

खरे आहे, खोलीत वेज फिट होत नाही. फार तर लॉफ्टमधले अंतर ठरवता येते: पिचिंग वेज किती अंशांची आहे ते आधी यंत्रावर मोजावे आणि तिथून सँड वेजपर्यंत चार ते सहा अंशांच्या पायऱ्या ठेवाव्यात. बाउन्स मात्र गवतावरच ठरतो. सोलची (क्लबच्या तळाची) मागची कड पुढच्या कडेपेक्षा जितकी खाली उतरलेली असते तितका बाउन्स जास्त, आणि तितकी वेज रुतण्याऐवजी घसरते. आठ अंशांच्या आतला बाउन्स उन्हाळ्यातल्या टणक जमिनीला आणि चेंडू अलगद उचलणाऱ्यांना बरा. बारा किंवा अधिक पावसाळी जमिनीला, खोल वाळूच्या बंकरला आणि खाली जोरात खणणाऱ्यांना. दोन वेजा ठेवणार असाल तर त्यांचे बाउन्स मुद्दाम वेगळे ठेवावेत, म्हणजे दोन्ही ऋतू निभावतात. आणखी एक, जे फारसे कोणी सांगत नाही: लॉफ्ट वाकवून एक अंशाने कमी केला की बाउन्सही एक अंशाने कमी होतो. दरी भरण्यासाठी सँड वेज तीन अंश वाकवून घेणारे लोक पावसाळ्यात ती रुतते म्हणून तक्रार घेऊन येतात.

एडिनबराकर

मी गेली काही वर्षे स्कॉटलंडमध्ये आहे. इथे बऱ्याच ठिकाणी फिटिंगचे शुल्क क्लब विकत घेतल्यास किमतीतून वजा होते. ऐकायला छान वाटते, पण त्यामुळे काहीतरी विकण्यातच समोरच्याचा फायदा असतो. जो फिटर फक्त मोजमापाचे पैसे घेतो आणि मोजलेले आकडे कागदावर लिहून देतो, त्याच्याकडे जावे. कागदावर प्रत्येक क्लबची लांबी, लॉफ्ट, लाय, शाफ्टचे नाव व वजन, स्विंगवेट (फिरवताना डोके किती जड जाणवते त्याचे माप) आणि ग्रिपचा आकार असायला हवा. हा कागद हाती असला की वापरलेला संचही डोळसपणे घेता येतो, आणि माझ्या मते हौशी खेळाडूसाठी हाच सर्वांत स्वस्त मार्ग आहे. पिंगचे जुने आयर्न घेताना ठिपक्याचा रंग पाहिला की निम्मे काम होते. त्यांच्यावर अनुक्रमांकही असतो आणि त्यावरून मूळ माप कंपनीकडे विचारता येते; अर्थात नंतर कोणी वाकवले असेल तर यंत्रावर तपासावेच लागते.

ज्यांच्या ड्रायव्हरला पाना लावून लॉफ्ट बदलता येतो, त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लॉफ्ट वाढवला की जमिनीवर टेकवलेला फेस थोडा बंद होतो, म्हणजे चेंडू डावीकडे झुकू शकतो. आणि फेरी सुरू झाल्यावर सेटिंग बदलणे नियमात बसत नाही, त्यामुळे पाना घरी ठेवला तरी चालतो.

हँडिकॅप२२

सर्वांचे मनापासून आभार. काल रेंजवर मार्करचा प्रयोग केला. नऊ नंबरच्या आयर्नवर रेषेचा शेंडा स्पष्टपणे टोकडे झुकलेला दिसला, पिचिंग वेजवर त्याहून अधिक. डिव्हटही हीलकडे खोल आहेत. आता लोहारकाम यांना तीन प्रश्न. लाय वाकवावा की आधी क्लब कापून आखूड करावेत? ग्रिपची जाडी कशी ठरवावी? आणि माझा ड्रायव्हर पावणेसेहेचाळीस इंचांचा आहे, तोही कापावा का?

लोहारकाम

आधी लांबी, नंतर लाय. हा क्रम उलटा करू नका. क्लब अर्धा इंच आखूड केला की तो व्यवहारात साधारण एक अंशाने सपाट होतो, म्हणजे तुमची टो आपोआप थोडी खाली येईल. आधी वाकवून नंतर कापलात तर दुरुस्ती दुप्पट होईल आणि चेंडू उजवीकडे जाऊ लागेल. कापण्यापूर्वी ग्रिप अर्धा इंच खाली धरून पुन्हा मार्करचा प्रयोग करा. रेषा जवळपास सरळ झाली तर वाकवण्याची गरजच उरणार नाही. कापल्यावर क्लबचे डोके हलके वाटेल. अर्ध्या इंचाला स्विंगवेट सुमारे तीन अंकांनी उतरतो, डी-२ चा क्लब सी-९ वर येतो. हेडला दोन ग्रॅम वजन वाढवले की एक अंक परत मिळतो, म्हणून हेडच्या मागे सहा ग्रॅमच्या आसपास शिशाची पट्टी चिकटवतात. काहींना हलकेच आवडते. पट्टीविना एक-दोन फेऱ्या खेळून ठरवा.

ग्रिप: डाव्या हाताने क्लब धरल्यावर मधल्या दोन बोटांची टोके अंगठ्याखालच्या उंचवट्याला जेमतेम टेकली पाहिजेत. बोटे तळव्यात रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, अंतर राहत असेल तर जाड. अधल्यामधल्या मापासाठी जाड ग्रिप विकत घेण्याची गरज नाही, खाली टेपचा एखादा वेढा वाढवला की काम होते. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत खेळणाऱ्यांनी सुती धाग्याची ग्रिप जरूर वापरून पाहावी. हाताला थोडी खरखरीत लागते, पण घामात सटकत नाही. जुनी ग्रिप काचेसारखी गुळगुळीत झाली असेल तर बाकी सर्व फिटिंग पुढे ढकला आणि आधी ती बदला.

ड्रायव्हर: नियमाने पटर सोडून कोणताही क्लब ४८ इंचांपर्यंत चालतो. व्यावसायिक स्पर्धांत २०२२ पासून स्थानिक नियमाने ४६ इंचांची मर्यादा घालता येते. दुकानात मिळणारे ड्रायव्हर या मर्यादेच्या काठावर असतात, तर अनेक व्यावसायिक खेळाडू स्वतः त्यापेक्षा आखूड क्लब वापरतात. तुमच्या उंचीला चव्वेचाळीस-साडेचव्वेचाळीस इंच पुरे, थोडा वेग गमावून चेंडू मध्यावर बसण्याचे प्रमाण वाढेल. पण लगेच कापू नका, महिनाभर ग्रिप इंचभर खाली धरून खेळा आणि फेसवर पावडरचा फवारा मारून चेंडू कुठे बसतो ते पाहा.

हँडिकॅप२२

ग्रिप खाली धरून पाहिली. नऊ नंबरची रेषा बरीच सरळ झाली, पिचिंग वेजची अजून किंचित झुकते. म्हणजे कापून झाल्यावर एखादा अंश वाकवावे लागेल असे दिसते. माझे आयर्न कास्ट (साच्यात ओतलेले) आहेत असे पूर्वीच्या मालकांनी सांगितले होते. ते वाकतील का?

लोहारकाम

फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) आयर्नचे कार्बन स्टील मऊ असते, दोन-तीन अंश सहज वाकते. पण तितक्याच सहज ते मॅटवर आपटून आपोआपही सरकते, म्हणून अशा संचाचे कोन दरवर्षी तपासावेत. कास्ट आयर्न कोणत्या स्टीलचे आहेत त्यावर अवलंबून असते. १७-४ प्रकारचे कठीण स्टेनलेस असेल तर एक अंश, फार तर दोन, आणि तेही सावकाश. ४३१ असेल तर त्यापेक्षा बरे. संचाचे नाव आणि साल कळवा म्हणजे कोणते स्टील आहे ते शोधता येईल. घरच्या शिकंज्यात किंवा पाइप घालून वाकवण्याचा प्रयत्न कृपया कोणी करू नये, हेड जिथे शाफ्टला बसते ती मानच तडकते. येताना एकटा नऊ नंबर आणू नका, पाच नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत सगळे आणा. वापरलेल्या संचात मधलाच एखादा क्लब कोणीतरी वाकवून ठेवलेला असतो, आणि तो यंत्रावर लावल्याशिवाय कळत नाही.